पुढे विंच, मागे कॅनोपी: कायम लादलेल्या पिकअपसाठी स्प्रिंग रेट कसे ठरवले

गाडी डबल कॅब पिकअप. पुढे डबल विशबोनवर (चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म) कॉइल-ओव्हर, म्हणजे शॉकअपभोवती बसवलेली कॉइल स्प्रिंग; मागे सॉलिड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). व्हीलबेस 3100 मिमी. टाकी भरलेली, आत कोणी नाही आणि वरून काहीही बसवलेलं नाही, अशा स्थितीत पुढच्या ॲक्सलवर 1120 किलो आणि मागच्यावर 830 किलो. गाडीच्या प्लेटवरच्या मर्यादा पुढे 1400, मागे 1750, एकूण 2950 किलो.

तक्रारी तीन होत्या. बारीक लाटांच्या कच्च्या रस्त्यावर मागचा भाग उसळून बाजूला सरकतो. पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की ठक असा आवाज येतो. पुढच्या सीव्ही जॉइंटच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा) रबरी बुटाला बदलल्यावर काही महिन्यांतच पुन्हा चीर पडते. मालकाने उपाय ठरवूनच आणला होता: गाडीवर पाचशे किलो वाढले आहेत, म्हणून मागे "500 किलो"वाला पाट्यांचा सेट आणि पुढे कॅटलॉगमधली सगळ्यात कडक कॉइल. दोन्ही घेतलं असतं तर पैसे गेले असते आणि तिन्ही तक्रारी तशाच राहिल्या असत्या.

वजन किती, आणि कुठे

"गाडीवर किती वाढलं" हा आकडा स्प्रिंगच्या कामाचा नाही. कामाचं आहे ते प्रत्येक ॲक्सलवर किती वाढलं. हिशेब साधा तरफेचा. वस्तूचं वजन गुणिले पुढच्या ॲक्सलपासून तिचं अंतर, भागिले व्हीलबेस, म्हणजे मागच्या ॲक्सलचा वाटा. उरलेलं पुढे. वस्तू पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असेल तर अंतर उणे धरायचं.

| कायम बसवलेली वस्तू | वजन (किलो) | अंतर (मिमी) | पुढे | मागे |
|---|---|---|---|---|
| स्टील बंपर आणि विंच (केबलने गाडी ओढणारं यंत्र; मूळ बंपर वजा करून) | 73 | −800 | +92 | −19 |
| बॉनेटखाली दुसरी बॅटरी | 22 | 0 | +22 | 0 |
| इंजिनाखालचे संरक्षक पत्रे | 36 | 500 | +30 | +6 |
| कॅनोपी (हौद्यावरचं बंद छत) | 95 | 3250 | −5 | +100 |
| ड्रॉवर आणि हत्यारं | 130 | 3400 | −13 | +143 |
| फ्रिज आणि त्याची चौकट | 45 | 2900 | +3 | +42 |
| पाण्याची टाकी, 60 लिटर भरलेली | 66 | 2700 | +9 | +57 |
| मागचा बंपर आणि टोबार (मूळ वजा करून) | 45 | 4250 | −17 | +62 |
| एकूण | 512 | | +121 | +391 |

मागच्या बंपरची ओळ नीट बघा. 45 किलोची वस्तू मागच्या ॲक्सलवर 62 किलो होते, कारण ती ॲक्सलच्या मागे 1150 मिमीवर लटकते आणि पुढचं नाक उचलते. कॅनोपी, ड्रॉवर आणि मागचा बंपर या तिघांनी मिळून पुढून 35 किलो काढून घेतले आहेत. "बंपर आणि विंचसाठी" म्हणून विकली जाणारी कॉइल मोकळ्या हौद्याच्या गाडीवर बेतलेली असते. या गाडीला ती लागू पडत नाही.

दोन माणसं कायम धरली: 160 किलो, त्यातले 88 पुढे, 72 मागे. म्हणजे रोजची स्थिती पुढे 1329, मागे 1293, एकूण 2622. वजनकाट्यावर आकडे आले 1330, 1290 आणि 2620. काट्यावर गाडी नेताना टाकी भरलेली, माणसं आत बसलेली, ब्रेक सुटा आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा, नाहीतर अर्धी गाडी काट्यावर असताना ओढ बसते. आधी पुढचा ॲक्सल, मग पूर्ण गाडी, मग मागचा. पुढचा आणि मागचा मिळून पूर्ण गाडीच्या आकड्यापेक्षा वीसेक किलोहून जास्त फरक असेल तर काट्याचा उतार किंवा तुमचा ब्रेक तपासा.

लांबच्या प्रवासात मागच्या सीटवर 140 किलो माणसं आणि हौद्यात 120 किलो सामान. तेव्हा पुढे 1364, मागे 1519, एकूण 2882. सगळं मर्यादेत आहे, म्हणून पुढे जाता आलं. मर्यादा ओलांडत असती तर स्प्रिंगचा विषय तिथेच संपला असता. ॲक्सल, बेअरिंग, चॅसी आणि ब्रेक यांची ताकद स्प्रिंग बदलून वाढत नाही.

आधी काय करून ठेवलं होतं

मूळ पाट्यांमध्ये 8 मिमी जाडीचे तीन मुख्य पाटे आणि खाली एक सपाट हेल्पर, म्हणजे स्प्रिंग बरीच दबल्यावरच लागणारा मदतीचा पाटा. मुख्य पाट्यांचा रेट, म्हणजे स्प्रिंग एक मिमी दबायला लागणारं बळ, 32 न्यूटन प्रति मिमी. एका बाजूला 195 किलो कायम वाढले, म्हणजे गाडी मागून 60 मिमी बसली. बंप स्टॉपपर्यंतची (ॲक्सल वर येऊन टेकतो तो रबरी ठोकळा) 95 मिमीची जागा 35 वर आली. यावर कोणीतरी 11 मिमी जाडीचा एक आखूड पाटा आत घातला.

इथेच घोळ झाला. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनावर जातो. 8 मिमीला एक धरलं तर 11 मिमीचा एक पाटा 2.6 पाट्यांइतका. तीनाचे झाले 5.6, आणि रेट 32 वरून 60 च्या घरात गेला. "एकच तर पाटा टाकलाय" असं म्हणत स्प्रिंग जवळजवळ दुप्पट कडक झाली. 8 मिमीचाच चौथा पाटा टाकला असता तर रेट 43 च्या आसपास थांबला असता. शिवाय जाड पाटा आखूड होता. तो जिथे संपतो तिथे मुख्य पाटा एकदम वाकतो. सेट उघडल्यावर त्या टोकाखाली मुख्य पाट्यावर चकचकीत घासलेला पट्टा आणि त्यात केसाएवढी आडवी चीर सापडली. असा पाटा पुढे तिथेच तुटतो.

पुढे शॉकअपच्या माथ्यावर 20 मिमीचा स्पेसर होता. या गाडीचा मोशन रेशो 0.58, म्हणजे चाक 50 मिमी वर गेलं की शॉकअप 29 मिमी दबतो. हा रेशो कॅटलॉगमधून घेऊ नका, मोजा: कॉइल काढलेला शॉकअप परत बसवायचा, चाक जॅकने ठराविक मिमी उचलायचं आणि दोन्ही बोल्टमधलं अंतर किती कमी झालं ते बघायचं. गाडी रोज ज्या उंचीवर उभी राहते तिथेच मोजा, कारण आर्मचा कोन बदलला की रेशोही थोडा बदलतो. माथ्यावरचा 20 मिमी स्पेसर चाकापाशी 34 मिमी होतो. तेवढी गाडी उचलली जाते, पण लटकलेलं चाकही 34 मिमी जास्त खाली जातं. वरचा बॉल जॉइंट टोकाला लागतो आणि ठक आवाज येतो. सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि बूट स्वतःलाच घासून फाटतो. रेट तर मूळचाच राहिला होता. दोन तक्रारींचं मूळ या एका चकतीत होतं.

पुढची कॉइल

स्प्रिंग निवडताना आम्ही फ्रीक्वेन्सी धरून चालतो. दर सेकंदाला गाडी स्प्रिंगवर किती वेळा झुलते तो हा आकडा. कंपनीने मोकळ्या गाडीसाठी जो ठेवला त्याच्या जवळपास वजनासकट यायचं.

मूळ कॉइल 100 न्यूटन प्रति मिमी. चाकापाशी तिचा रेट म्हणजे 100 गुणिले 0.58 चा वर्ग, 33.6. वर्ग घेणं विसरलात तर उत्तर पावणेदोनपटीच्या आसपास येतं. दोन माणसांसह मोकळ्या गाडीत एका पुढच्या चाकावर 604 किलो, त्यातून चाक, हब, ब्रेक आणि आर्मचा अर्धा भाग असे 55 किलो स्प्रिंगखालचे वजा केले की 549. फ्रीक्वेन्सी 1.25 हर्ट्झ. वाढीव वजनासह तेच 610 किलो आणि 1.18 हर्ट्झ. पुन्हा 1.25 करायला चाकापाशी 37.4 लागतात, म्हणजे कॉइल 111 ची.

बस, एवढंच. स्टीलचा बंपर, विंच, दुसरी बॅटरी, खालचे पत्रे, आणि कॉइल फक्त 11 टक्क्यांनी कडक. यादीत 100, 110, 120 आणि 140 च्या कॉइल होत्या. 110 घेतली. मालकाने आणलेल्या प्रस्तावातल्या 140 ने फ्रीक्वेन्सी 1.40 झाली असती.

उंचीचा हिशेब वेगळा. रेट आणि उंची या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या एकाच वाक्यात विकल्या जातात. चाकावरचे 610 किलो कॉइलपाशी 0.58 ने भागून येतात, सुमारे 10,300 न्यूटन. 110 ची कॉइल त्याखाली 94 मिमी दबते. मूळ गाडीत कॉइलची उभी लांबी 285 मिमी होती, म्हणजे मूळ उंचीसाठी मोकळी लांबी 379 हवी. मूळ कॉइलची होती 378. वजन ज्या प्रमाणात वाढलं त्याच प्रमाणात रेट वाढवला की मोकळी लांबी जवळपास तीच राहते, निवड बरोबर आल्याची ही चांगली खूण आहे. मालकाला थोडी उंची हवी होती, म्हणून 390 ची घेतली: कॉइलपाशी 11 मिमी, चाकापाशी 19. चाक खाली लटकायला मूळ 85 मिमी जागा होती, ती 66 राहिली.

140 ची कॉइल 380 मोकळ्या लांबीत येत होती. ती फक्त 74 मिमी दबली असती, गाडी पुढून 37 मिमी उचलली गेली असती आणि लटकण्याला 48 उरले असते. अशी गाडी प्रत्येक खड्ड्यात शॉकअपच्या टोकाला आपटते, आणि लोक शॉकअपला दोष देत बसतात.

कॉइलवर खूण नसेल तर मापावरून रेट काढता येतो, पण व्हर्नियर नीट धरा. 15 मिमी तार, 100 मिमी मध्य व्यास आणि 5 चालणारे वेढे म्हणजे 100 न्यूटन प्रति मिमी. तार 15.4 झाली की तोच आकडा 111. तारेची जाडी चौथ्या घातात मोजली जाते, त्यामुळे पावडर कोटिंगचा थरही उत्तर बिघडवतो. एका जागी खरवडून मोजा.

मागचे पाटे

मोकळ्या गाडीत मागे एका बाजूला स्प्रिंगवर 356 किलो, फ्रीक्वेन्सी 1.51. कायमच्या वजनासह 551 किलो. मूळ पाट्यांवर ती 1.21 होते, म्हणजे पुढच्या 1.18 ला जवळपास चिकटते. तसं झालं की उंचवट्यावरून गेल्यावर गाडी पुढेमागे डोलत राहते. मागचं टोक पुढच्यापेक्षा थोडं जलद झुललं पाहिजे, म्हणजे उशिरा उंचवट्यावर येऊनही ते पुढच्याला गाठतं. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी 1930 च्या दशकात मांडलेला हा नियम आजही कामाचा आहे.

लक्ष्य 1.40 ठरवलं. मूळ 1.51 ला परत जायचं नव्हतं. पिकअपचे पाटे रिकाम्या हौद्यात कडक असतात, कारण त्यांना भरलेला हौदाही सांभाळायचा असतो. इथे हौदा कधीच रिकामा होणार नाही. 1.40 साठी रेट 43 लागतो. "500 किलो" नावाच्या सेटचा रेट निघाला 58, म्हणजे 1.63 हर्ट्झ. आतल्या जाड पाट्यामुळे आधीच 1.66 होती. तेच दुखणं नव्या रंगात मिळालं असतं. सेटवरचं किलोचं नाव प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने लावतो. विचारायचं ते दोनच प्रश्न: रेट किती, आणि अमुक किलोला कमान (पाट्याचा बाक) किती उरते.

प्रवासाच्या वजनाला 43 चालतो का ते तपासलं. एका बाजूला आणखी 113 किलो, गाडी 26 मिमी बसते. फ्रीक्वेन्सी मागे 1.28, पुढे 1.22. क्रम टिकला, तेव्हा निवड पक्की.

कमानीचा हिशेब असा: 551 किलोखाली 43 चा सेट 126 मिमी दबतो. मूळ सेट मोकळ्या गाडीत 109 दबत होता. मूळ उंची टिकवायला 17 मिमी जास्त कमान लागते. प्रवासात 26 मिमी बसणार, त्याची अर्धी म्हणजे 13 मिमी आगाऊ दिली. एकूण मूळ कमानीपेक्षा 30 मिमी जास्त. रोज गाडी मूळ उंचीच्या 13 मिमी वर, प्रवासात 13 मिमी खाली. बंप स्टॉपची जागा रोज 108, प्रवासात 82. हेल्पर पाटा रोजच्या उंचीला मुख्य पाट्यांपासून 40 मिमी दूर ठेवला, म्हणजे प्रवासाचं सामान भरूनही तो मोठ्या धक्क्यालाच लागतो.

फ्रीक्वेन्सीचं गणित नको असेल तर एक झटपट मार्ग आहे. स्प्रिंगवरच्या वजनाने चाकापाशी होणारा एकूण दाब मिमीमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. 126 चं वर्गमूळ 11.2, उत्तर 1.41. हेल्पर लागलेला असेल तर हा मार्ग चालत नाही.

एअर बॅग लावायचा विचार आला आणि सोडला. पाट्यांच्या गाडीत वजन चॅसीवर पाट्याच्या दोन टोकांना येतं. बॅग ते ॲक्सलच्या डोक्यावर एका जागी आणते. ॲक्सलच्या मागे बराच भार असलेल्या डबल कॅबमध्ये बॅग फुगवून उंची दिली की चॅसी कॅब आणि हौद्याच्या मधोमध वाकल्याची उदाहरणं आहेत. 26 मिमीसाठी तो धोका घेण्यात अर्थ नव्हता.

शॉकअप

लागणारं डॅम्पिंग (झुलणं थांबवणारा शॉकअपचा विरोध) रेट आणि वजनाच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. पुढे ही वाढ 10 टक्के, मूळ शॉकअप चांगले असल्याने तेच ठेवले. मागे 44 टक्के. मूळ शॉकअपवर नवा सेट ठेवला असता तर गाडी उंचवट्यानंतर दोन-तीन वेळा झुलत राहिली असती आणि दोष पाट्यांना लागला असता. मागे रिबाउंड (शॉकअप लांबताना होणारा विरोध) वाढवलेले शॉकअप घेतले. कम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) फार वाढवलेले नाकारले, कारण बारीक लाटांवर पुन्हा तीच उसळी आली असती.

बसवताना

गाडी हवेत असतानाही कॉइल-ओव्हरमध्ये सुमारे 6,100 न्यूटन म्हणजे सहाशे किलोहून जास्त दाब कोंडलेला असतो. माथ्याचा मधला नट कम्प्रेसर लावल्याशिवाय सोडायचा नाही.

मागे यू-बोल्ट नवे. ताणलेला जुना यू-बोल्ट पुन्हा तेवढा ताण धरत नाही, सेट ॲक्सलवर सरकतो आणि सेंटर बोल्ट कापला जातो. पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजनासकट घट्ट करायचे. लटकत्या ॲक्सलवर घट्ट केले की रबरी बुश कायम पिळलेला राहतो, रेट उगाच वाढतो आणि बुश लवकर फाटतो. यू-बोल्ट तिरक्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि 500 किमीनंतर पुन्हा.

मागच्या ॲक्सलला दांडी जोडलेला, भार ओळखून ब्रेकचा दाब वाटणारा व्हॉल्व्ह असेल तर तो विसरू नका. चॅसी वर गेली की त्याला हौदा रिकामा वाटतो आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, नेमका जेव्हा मागे वजन आहे तेव्हा. या गाडीत तो होता. दांडी मॅन्युअलप्रमाणे नव्याने लावली. मग अलाइनमेंट, विशेषतः कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल), आणि हेडलाइटचा कोन.

उंची हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली. जमिनीपासून मोजली तर टायरची हवाही मोजली जाते. पुढे डावी बाजू 8 मिमी खाली होती, दोन्ही बॅटऱ्या तिथेच. त्या कॉइलखाली 5 मिमीची चकती दिली, चाकापाशी साडेआठ. कॉइलखालची चकती चाकाला जास्त लटकू देत नाही, म्हणून माथ्यावरच्या स्पेसरचे दोष तिच्यात येत नाहीत. पाटे बसल्यावर मागची उंची 13 च्या जागी 9 वर स्थिरावली. नव्या पाट्यांनी एवढं बसणं धरलेलंच असतं. उसळी गेली, ठक आवाज गेला, सीव्ही बूट कोरडा राहिला.

ही निवड ट्रेलर धरून केलेली नाही. टोबॉलवर 100 किलो आले की मागे 139 वाढतात आणि पुढून 39 जातात. प्रवासाच्या वजनात ते मिळवलं तर मागचा ॲक्सल 1658 वर, मर्यादेच्या आत. एकूण मात्र 2982, म्हणजे 32 किलो जास्त. ट्रेलर ओढायचा असेल त्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी ठेवायची आणि पाणी ट्रेलरच्या ॲक्सलवर न्यायचं.